मिलिमीटरची मागणी

भूमापन कचेरीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. हे नाव त्याला एका भिंतीपायी पडलं. दोन शेजाऱ्यांचा हद्दीवरून जुना वाद होता. दोघेही भांडून भांडून दमले होते आणि "जाऊ द्या, आहे तिथे राहू दे" म्हणायला तयार झाले होते. तेवढ्यात हा पठ्ठ्या दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणाला, "तुम्ही जाऊ द्याल हो, पण भिंत बावीस मिलिमीटर चुकलीय." मिटत आलेलं भांडण पुन्हा पेटलं आणि पुढे तीन वर्षं चाललं. साहेबांनी त्या दिवशी ठेवलेलं नाव मग कायमचं चिकटलं. बायको रागावली की तीही त्याच नावाने हाक मारायची.

माणूस बावन्न वर्षांचा, अंगाने काटकुळा, खिशाला कायम दोन टोकदार पेन्सिली. पान नाही, पत्ते नाहीत, राजकारणावर वाद नाही. नाद एकच. घराच्या मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, त्याने लोखंडी पाइपांचा एक सांगाडा उभा केला होता. त्यावर मोडीत निघालेल्या एका गाडीची सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, हाताशी गिअरचा दांडा आणि समोर भिंतभर पडदा. हा त्याचा शर्यतीचा सिम्युलेटर. घरबसल्या जगातल्या कुठल्याही ट्रॅकवर गाडी पळवायची, आपटली तर बटण दाबून पुन्हा निघायचं. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती म्हणायची, "दिवसभर लोक खुर्चीत बसून तोंड वासतात ते बघायचं, आणि घरी आलं की तुम्ही."

त्या सिम्युलेटरमध्ये पावणेदोनशे गाड्या होत्या आणि चौसष्ट ट्रॅक. पण मिलिमीटरला जे हवं होतं ते नेमकं त्यात नव्हतं. समुद्रात राहून मासा तहानलेला, अशातली गत.

त्याला हव्या होत्या जुन्या गाड्या. अरुंद चाकांच्या, जरा जोर दिला की मागून घसरणाऱ्या, जिथे गिअर हाताने टाकावा लागतो आणि चुकला तर खालून दात कोरल्यासारखा आवाज येतो. आणि त्याला हवा होता जुना ट्रॅक. कुठलाही नव्हे, त्यांच्याच शहराबाहेरचा. आठ किलोमीटर एकशे चाळीस मीटरची ती वाट होती. ट्रॅक म्हणायचं ते फक्त शर्यतीच्या दिवशी. एरवी तो साधा रस्ताच. दगडखाणीजवळून निघून तो तळ्याच्या काठाने जायचा, अरुंद पूल ओलांडायचा, लाकडाच्या वखारीला वळसा घालून इस्पितळाच्या भिंतीलगत परत यायचा. मिलिमीटर नऊ वर्षांचा असताना त्यावर शेवटची शर्यत झाली. मग शहराने दुसऱ्या टोकाला नवा, आटोपशीर ट्रॅक बांधला आणि जुना रस्ता पुन्हा नुसता रस्ता झाला. हा नवा ट्रॅक सिम्युलेटरमध्ये होता. अगदी काठावरच्या लाल-पांढऱ्या रंगासकट होता. मिलिमीटर म्हणायचा, "गाड्या लावायच्या मैदानाला कडेने रंग दिला की झाला ट्रॅक."

त्या शेवटच्या शर्यतीत त्याचा मामा होता.

मामा पेशाने टाइपरायटर दुरुस्त करणारा. एका न्हावी मित्राच्या भागीदारीत त्याची एक शर्यतीची गाडी होती. एकाच माणसापुरती, सिगारच्या आकाराची, तेव्हाच दहा वर्षं जुनी. दोघे तिला 'डबी' म्हणत. शर्यतीच्या दिवशी मिलिमीटर आईचं बोट धरून पुलाच्या चढावर उभा होता. डबी पाच वेळा त्याच्यासमोरून गेली, सहाव्यांदा आलीच नाही. क्लचची तार तुटली होती. पण त्याआधी मामाने जे केलं ते घराण्यात पाठ होतं. लाकूडवखारीच्या वळणावर सगळे तिसऱ्या गिअरमध्ये यायचे. मामा चौथ्यात आला, वेगाच्या पेडलवरून पाय जराही न उचलता, आणि एकाच वळणात दोन गाड्यांना मागे टाकून तिसरा झाला. लग्नं, बारशी, आजारपणं, कुठेही चार नातेवाईक जमले की मामा ते वळण घ्यायचा. हात हवेत, मान तिरकी, उजवा पाय जमिनीत रुतवलेला.

आता मामा एकोणऐंशीचा होता. बोटं आखडली होती. मोतीबिंदू काढून झाले होते, पण डोळ्यांत मागून दुसरंच काही दुखणं सुरू झालं होतं आणि डॉक्टर 'बघू' म्हणत होते. मिलिमीटरच्या डोक्यात एकच होतं: मामाच्या डोळ्यांत आहे तेवढा प्रकाश आहे तोवर त्याला त्या वाटेवर एकदा बसवायचं.

सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीला त्याने पहिलं पत्र लिहिलं ते अकरा वर्षांपूर्वी. तीन पानं, सोबत नकाशा. उत्तर दोन ओळींचं आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, सूचना संबंधितांकडे पोचवली आहे. तो इतका खूश झाला की ते उत्तर छापून कपाटाच्या दाराला चिकटवलं. पुढच्या वर्षी दुसरं पत्र, तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी तिसरं, स्वल्पविरामासकट तेच उत्तर. मग त्याने दारावरचा कागद काढला. डिंकाचे चार डाग तेवढे राहिले.

दरम्यान दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची नवी आवृत्ती येई. मिलिमीटर बदलांची यादी वरून खाली बोट फिरवत वाचायचा. काचेवरचे पावसाचे थेंब आता वाऱ्याप्रमाणे सरकतात. बेचाळीस नवे रंग. विजेवर चालणाऱ्या सहा गाड्या. प्रेक्षकांच्या हातात आता छत्र्या.

"छत्र्या," तो बायकोला म्हणाला. "माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसलीत आणि यांनी प्रेक्षकांना छत्र्या दिल्या."

"तुम्हाला गाडी चालवायचीय का अर्ज करायचेत?" तिने विचारलं.

कंपनीच्या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांची एक चावडी होती. तिथे त्याने जुन्या गाड्यांचा विषय काढला की जगभरातून पंधरा-वीस माणसं मान डोलवत आणि शंभरेक हसत. एकाने लिहिलं, "आजोबा, वस्तुसंग्रहालय पलीकडच्या गल्लीत आहे." वर्षातून एकदा कंपनी मतदान घ्यायची: पुढे काय हवं? पर्याय चार, आणि पाचवा 'इतर'. मिलिमीटर इमानेइतबारे 'इतर'वर शिक्का मारायचा. एका वर्षी 'इतर'ला एकतीस टक्के मतं पडली, सर्वांत जास्त. कंपनीने जाहीर केलं की मतं फारच विखुरलेली असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय घेत आहोत. दुसऱ्या क्रमांकावर मालट्रकांच्या शर्यती होत्या.

त्या दिवशी त्याने कचेरीत एका गरीब अर्जदाराला विनाकारण झापलं. नंतर स्वतःच त्याच्यासाठी चहा आणला, पण तो माणूस भेदरून निघून गेला होता.

आठव्या वर्षी मात्र वेगळं उत्तर आलं. माणसाने लिहिलेलं वाटावं असं. त्या ट्रॅकची विश्वासार्ह मोजमापं कुठेच उपलब्ध नाहीत. ती मिळाल्यास विचार करता येईल.

मिलिमीटरने पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. "मोजमापं नाहीत म्हणतात," तो म्हणाला. "मला म्हणतात."

कचेरीच्या भंगाराच्या लिलावात त्याने रीतसर घेतलेली एक जुनी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, माळ्यावर होती. ती उतरवली, पुसली, तेल दिलं. पुढचे चार महिने दर रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, नवरा-बायको रस्त्यावर. हा दुर्बिणीशी, ती पुढे आकड्यांची उंच पट्टी धरून. तिने पट्टी जरा कलती धरली की लांबून हा हात हलवायचा, आणि ती लांबूनच काहीतरी पुटपुटायची. ऐकू येत नसे, ते बरं होतं. दगडखाणीच्या जागी आता वसाहत होती. एक सकाळ तिथल्या पहारेकऱ्याला पटवण्यात गेली की आपण रस्ता रुंद करायला आलेलो नाही. तळ्याकाठी एक कुत्रा पट्टीच्या मागे लागला. पुलावर उभं राहून मोजताना एक सायकलवाला थांबला आणि अर्धा तास आपल्या जमिनीच्या तक्रारी सांगत बसला.

चार-पाच वेळा मामाही आला. गाडीचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसायचा आणि जुन्या खुणा सांगायचा. इथे चिंधी बांधलेला खांब होता. इथे गवताच्या गंज्या लावायचे. वखारीच्या वळणावर मात्र तो उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि बराच वेळ पायाने डांबर चाचपत होता.

"रस्ता असा नव्हता इथे," तो म्हणाला.

"कसा होता मग?"

"असा नव्हता एवढं खरं."

"मामा, मी रस्ता मोजतोय, आठवण नाही," मिलिमीटर दुर्बिणीत डोळा घालून म्हणाला. "जरा बाजूला हो. पट्टी दिसत नाही."

मामा बाजूला झाला.

सगळी वाट मोजून पुन्हा सुरुवातीच्या खुंटीशी आले, हिशेब मांडला, तेव्हा आठ किलोमीटरांत चूक निघाली वीतभर. कचेरीतल्या कुणालाही हे सांगितलं असतं तर त्याने उठून हात मिळवला असता. मिलिमीटरने नकाशा, तक्ते, सहाशे बारा बिंदू, दोनशे छायाचित्रं असं सगळं कंपनीला पाठवलं. उत्तर आलं: आपण पाठवलेल्या सामग्रीवर यापुढे आमचा हक्क राहील, आभारी आहोत.

नंतर चौदा महिने काही नाही.

मग एके दिवशी जाहिरात झळकली. 'वारसा संच': तीन ऐतिहासिक गाड्या, एक अभिजात ट्रॅक. मिलिमीटर कचेरीतून अर्धी रजा टाकून घरी आला. संच उतरवून घेतला, पडदा उजळला. ट्रॅक दुसराच होता. जगातला सर्वांत नावाजलेला, याआधी चार सिम्युलेटरमध्ये येऊन गेलेला, ज्याची छायाचित्रं न्हाव्याच्या दुकानात दिनदर्शिकेवर असतात तो. आणि तिन्ही गाड्या दिसायला जुन्या, आतून नव्या. गिअर कसाही टाकला तरी बिनआवाज पडत होता, चाकं रस्त्याला घोरपडीसारखी चिकटत होती. जुन्या माणसाच्या वेशात नाटकातलं पोर मिश्या लावून उभं राहावं तसं.

त्याने कंपनीला विचारलं, माझ्या मोजमापांचं काय झालं? उत्तर: आपण पाठवलेल्या सामग्रीचा साचा आमच्या प्रणालीस अनुरूप नाही.

"मग चौदा महिने काय बघत होते ते?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? मी पट्टी धरली होती." पण त्याचा चेहरा बघून तिने हातातलं काम ठेवलं आणि शेजारी बसली. "मीही चार महिने पहाटे उठले हो," ती म्हणाली. "मलाही राग आलाय. पण कुणावर काढायचा ते त्या पत्रात लिहिलेलं नाही."

दोन महिने त्याने सांगाड्यावर चादर टाकून ठेवली. तिच्यावर दोरीवरून उतरवलेले सुके कपडे साठू लागले.

चादर निघाली ती चावडीवरच्या एका ओळखीमुळे. तिथे 'तिसरा गिअर' या नावाने लिहिणारी एक बाई होती. ती कुठेतरी दूरच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि सुटीच्या दिवसांत जुने ट्रॅक स्वतः घरी बांधायची. कंपनीच्या चकचकीत सिम्युलेटरमध्ये ते चालत नसत. त्यासाठी दुसरा एक सिम्युलेटर होता, पंधरा वर्षं जुना, दिसायला बेंगरूळ, पण दारं उघडी ठेवणारा. ज्याला जे हवं ते त्याने आत आणावं. तिने मिलिमीटरला लिहिलं, "तुमचे बिंदू मला द्याल का? साच्याची चिंता करू नका, मी वहीवर लिहिलेलेही घेते."

आठ महिने दोघांचा पत्रव्यवहार चालला. ती चिवट बाई होती. हा तर होताच. पुलाच्या कठड्याच्या उंचीवर पाच निरोप झाले. एकदा तिने वैतागून लिहिलं, "ताशी दीडशेच्या वेगाने जाताना हा कठडा कुणाला दिसणार आहे?" याने उत्तर दिलं, "मला." एका तिसऱ्याने डबीच्या जातीची एक गाडी आधीच बनवून ठेवली होती, तीही मिळाली. आणि एका रविवारी सकाळी मिलिमीटर मामाला घेऊन आला.

मामाला त्या सीटमध्ये बसवणं म्हणजे छत्री बाटलीत घालण्यासारखं होतं. आधी डावा पाय, मग कंबर, मग उजवा पाय हाताने उचलून आत. बायकोने पाठीमागे उशी दिली. मामाने गिअरचा दांडा हातात घेतला, दोनदा रिकामाच हलवून पाहिला आणि म्हणाला, "हं."

पडद्यावर दगडखाण आली. वसाहत नाही, खाणच. पहिला गिअर, दुसरा. तळं आलं. पुलावर त्याने कठडा घासला आणि "इथे नेहमीच" असं पुटपुटला. मग वखार आली. मामा चौथ्यात होता. त्याने पाय रुतवला, मान तिरकी केली आणि गाडी सरळ वखारीच्या भिंतीत गेली.

"सवय नाही," मिलिमीटर म्हणाला. "पुन्हा घे."

मामाने पुन्हा घेतलं. पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मिलिमीटरने गाडी परस्पर वळणाआधी आणून ठेवायची सोय केली, म्हणजे सगळी फेरी मारायला नको. सातव्या वेळी गाडी उलटली. अकराव्या वेळी मामाने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"तुझं मोजमाप चुकलंय."

"आठ किलोमीटरांत वीतभर चूक आहे, मामा."

"मग ती वीत याच वळणावर आहे."

"असं नसतं ते. चूक सगळीकडे वाटली जाते."

"मी चौथ्यात गेलो होतो इथून."

मिलिमीटरने खरं म्हणजे गप्प बसायला हवं होतं. पण अकरा वर्षांचा वैताग, कंपनी, छत्र्या, साचा, सगळं त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. "गणिताने तर जाता येत नाही," तो म्हणाला. "या वळणाची त्रिज्या आणि त्या चाकांची पकड पाहता चौथ्यात कुणालाच जाता येत नाही. बघ हवं तर, आकडे मांडून दाखवतो."

मामाने मान वर केली. त्याला भाच्याचा चेहरा नीट दिसत नसावा, कारण तो त्याच्या खांद्याकडे बघत होता. "मला यातून बाहेर काढ," तो म्हणाला. "आणि घरी सोड."

मिलिमीटरने त्याला घरी नेऊन सोडलं.

बायकोने दुसऱ्या दिवशी सुचवलं, "त्या बाईंना सांगून वळण थोडं रुंद करून घ्या ना. म्हातारा माणूस, त्याला काय कळणार?"

"मला कळेल."

"हो, तुम्हाला कळेल. आणि मामा तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलेत. जेवतसुद्धा नाहीत धड, मामींचा फोन होता."

आठवडाभर तो धुमसत राहिला. मामावर, गणितावर आणि सर्वांत जास्त स्वतःच्या जिभेवर. शेवटी रविवारी तो एकटाच वखारीच्या वळणावर गेला. गेला तो आपलंच खरं करायला. पुन्हा मोजावं, आकडा तोच यावा, आणि तो कागद घेऊन मामाकडे जावं, असा त्याचा बेत. वखार आता गोदाम झाली होती, पण दोन्ही बाजूंच्या जुन्या दगडी भिंती तशाच होत्या. शर्यतीच्या काळी भिंतींना, रस्त्यापासून कमरेएवढ्या उंचीवर, काळे-पांढरे पट्टे रंगवलेले होते. फिकट झालेले ते पट्टे त्याने मागे मोजणीच्या वेळीही पाहिले होते. छायाचित्रंसुद्धा काढली होती.

दुर्बीण लावता लावता त्याची नजर एका भिंतीवरून दुसरीवर गेली आणि तिथेच थांबली. वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर पट्टे कमरेएवढे होते. आतल्या भिंतीवर ते जेमतेम गुडघ्याएवढे होते.

तो दुर्बीण तशीच सोडून गोदामाच्या फाटकाशी गेला. तिथे एक वयस्क हमाल होता. मिलिमीटरने विचारलं, हा रस्ता कधी उंच केला का?

"आतल्या बाजूने केला ना," हमाल म्हणाला. "आधी पार कललेला होता आतल्या अंगाला. भरलेले ट्रक फाटकातून निघताना एका कुशीवर व्हायचे. दोन उलटले तेव्हा भर घालून सपाट केला. झाली वीस-बावीस वर्षं."

मिलिमीटर दगडावर बसला. मामा त्याला मधोमध उभा राहून सांगत होता, रस्ता असा नव्हता. आणि हा म्हणाला होता, बाजूला हो. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती चुकल्या म्हणून सांगत आलेला माणूस, आणि समोरची भिंत दोनशे छायाचित्रांत असून वाचली नाही. दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या उंचीतला फरक धरला तर आतली बाजू तेव्हा एकेचाळीस सेंटिमीटर खाली होती. तेवढा कल असला की गाडी वळणात बाहेर फेकली जात नाही, रस्ताच तिला धरून ठेवतो. शाळेतल्या पोराला कळावं असं ते होतं.

त्याने 'तिसरा गिअर' बाईंना सगळं लिहून कळवलं. 'चूक माझी आहे' हे वाक्य त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा तसंच ठेवलं. तिने तीन आठवड्यांत वळण बदलून पाठवलं आणि खाली लिहिलं, "इतक्या वर्षांत स्वतःहून चूक कळवणारे तुम्ही पहिले."

मामाला आणणं त्याहून अवघड गेलं. तो फोनवर येईना. शेवटी बायको स्वतः गेली, भिंतींच्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे त्याने तोंडाने कबूल केलं?"

"लिहून दिलंय," ती म्हणाली.

पुन्हा उशी, पुन्हा डावा पाय, मग कंबर. या वेळी मामाने सुरुवातीपासून फेरी मारायचा हट्ट धरला. खाण, तळं, पूल. कठडा घासला तो घासलाच. वखार आली. चौथा गिअर. रस्ता आत कलला, गाडी वाकली, मागची चाकं बाहेर निघू लागली, मामाने स्टिअरिंग उलटं अर्ध्या वितीने फिरवलं आणि गाडी वळणातून बाहेर पडली ती इस्पितळाच्या भिंतीलगत, सरळ, चौथ्यातच.

मामा पुढे बघत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा पट्टा असतो. उजवा पाय किती दाबलाय ते तो दाखवतो. वळणाच्या ऐन मध्यावर तो पट्टा खाली आला होता आणि लगेच वर गेला होता. मिलिमीटरने तो पाहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. पण स्वभावाला औषध नाही.

"मामा, पाय उचललास तू."

मामाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, सावकाश, जणू मागून कुणी येत असावं. गिअर मोकळा केला.

"तेव्हाही उचलला होता," तो म्हणाला.

त्याने दांड्यावरचा हात मांडीवर ठेवला.

"न्हाव्याला कधी सांगितलं नाही. तो गेला तेव्हाही हेच समजून गेला, की आपली डबी तिथून पाय न उचलता गेली. दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून तो ही गोष्ट सांगायचा. गिऱ्हाईक हलायची सोय नाही."

"किती उचलला होता?" मिलिमीटरने विचारलं.

बायकोने कपाळाला हात लावला. मामाने मात्र आखडलेला अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून जरा लांब धरली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, आणि अंतर थोडं कमी केलं. "एवढा."

"मग त्याला उचलला म्हणत नाहीत," मिलिमीटर म्हणाला. गणिताने ते बरोबर नव्हतं.

त्या सकाळी मामाने आणखी पाच फेऱ्या मारल्या आणि दोनदा तळ्यात गेला. त्यानंतर महिन्यातून एकदा येऊ लागला. दर वेळी नवी तक्रार घेऊन. इस्पितळाची भिंत विटांची नव्हती, चुन्याची होती. आवाज पातळ आहे. आणि मुख्य म्हणजे ही गाडी डबी नाही. डबीचं नाक जड होतं. ही नाकाने हलकी आहे.

कंपनीलाही मिलिमीटरने दुरुस्त मोजमापं पाठवली, त्यांच्या साच्यात बसवून. आभारी आहोत, असं उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत वाळूवरच्या शर्यती आहेत. हे वाचून तो पूर्वीसारखाच चिडला, फक्त आता चिडायला वेळ कमी होता. कारण डबी शोधायची होती.

ती सापडलीही. न्हाव्याच्या मुलीच्या घरामागे चाकांविना पडलेला सांगाडा होता. तिने त्यावर वेल चढवला होता. पुढच्या रविवारी नवरा-बायको मोजायची फीत घेऊन तिथे पोचले. पुढचा आस मोजून झाला, स्टिअरिंगचा दांडा मोजून झाला. मागचा अर्धा भाग पानांत पार बुडाला होता. मिलिमीटरने खिशातून छोटी कात्री काढली.

"त्याला हात लावायचा नाही," न्हाव्याची मुलगी म्हणाली. "कळ्या धरल्यात. फुलून जाऊ दे, मग काय ते करा."

"किती दिवस?"

"दोन-अडीच महिने."

"नक्की दोन की अडीच?" मिलिमीटरने विचारलं आणि बायको फीत गुंडाळू लागली.